लग्नाच्या स्वरूपाचं

बिराजदार वकिलांनी चष्मा कपाळावर ढकलला
आणि म्हणाले, कायद्यात याला म्हणतात
लग्नाच्या स्वरूपाचं नातं.
मी म्हटलं, साहेब, आमच्या साखर पेठेत
याला दुसरं नाव आहे, ते तुम्ही लिहू नका.

अकरा वर्षं.
पुरावा काय, म्हणाले.
रेशन कार्ड त्याच्या आईकडं, अक्कलकोटला. त्यात मी नाही.
माझ्या आधारवर अजून विडी घरकुलचा पत्ता.
लाइट बिल तेवढं माझ्या नावावर:
म्याकल अंबुबाई, यंत्रमाग दोन.
म्हणजे वीज माझी जळली,
माग त्याचे.
पतसंस्थेचं कर्ज त्याच्या सहीनं,
हप्ते माझ्या भिशीतून,
आणि भिशीला पावती नसते.

शेवटी कोर्ट नकोच ठरलं.
एका दुपारी लाइट गेलेली, पारा चव्वेचाळीस,
बंद मागांच्या मधे आम्ही बसलो
आणि बिलाच्या पाठीवर इरण्णा लिहीत गेला.
मागांची खटखट नसली
की आम्हा दोघांचेही आवाज फार मोठे निघतात.
ओरडून बोलायची सवय.
त्यामुळं अख्ख्या बोळाला कळलं
की कूलर त्याला, शिलाई मशीन मला,
आणि शेंगा कुटायचं उखळ कुणालाच नको.

निळ्या पिंपांपाशी तो अडखळला.
पाणी पाचव्या दिवशी, पहाटे तीनला.
पिंपं दोन. अकरा वर्षं नळाशी मी उभी
आणि तो आतून, पांघरुणातून: "येलालंय का?"
दोन्ही तुलाच ठेव, म्हणाला.
एवढा उदार तो कर्ज फिटलं तेव्हाही नव्हता.

मग माग.
दोन्ही तुझे, मी मान हलवली.
माझ्या मानेचा त्याला संशय आला.
"आणि तुला?"
मी वर बोट केलं.
जेकार्डावरून लोंबत होती पुठ्ठ्यांची माळ,
नऊशे साठ पुठ्ठे, भोकं पाडलेले, दोऱ्यात ओवलेले.

गड्ड्याच्या जत्रेत एका साली
आकाशपाळणा वरच अडकला होता, वीस मिनिटं.
खाली तळं, देवळाचे दिवे,
लांब अंधारात बंद गिरणीचं धुराडं.
तो डोळे मिटून माझा दंड धरून बसलेला.
मी आरे मोजत होते.
घरी येऊन ग्राफ पेपरवर चौकोन रंगवले,
लाल, पांढरा, लाल, तीन महिने,
डोळ्यांत जाळ होईस्तोवर,
तेव्हा चादरीच्या काठावर पाळणा फिरायला लागला.
त्या काठानं हैदराबादचा व्यापारी आणला,
व्यापाऱ्यानं दुसरा माग.
आता बिलाच्या पाठीवर हे
कुठल्या रकान्यात घालायचं?

"पुठ्ठेच तर आहेत," तो म्हणाला.
थोड्या वेळानं म्हणाला, "निम्मे?"
निम्म्या पुठ्ठ्यांत पाळणा वर चढतो, इरण्णा.
खाली येत नाही.

शिडी त्यानंच धरली.
गाठी सोडताना माझी बोटं चुकली
तेव्हा खालून सांगितलं त्यानंच, कुठला दोरा आधी.

आता पुठ्ठे माझ्या खाटेखाली, तांदळाच्या पोत्यात,
आणि माझ्याकडं माग नाही.
त्याच्याकडं माग आहेत. टॉवेल निघतात, साधे.
बोळातून जाताना कानाला कळतं,
खटखट तीच आहे,
वर काही फिरत नाही.

काल पाणी आलं. दोन्ही पिंपं भरली.
मला एक पुरतं.
दुसऱ्यातलं पाचव्या दिवशी गटारीत ओतते
आणि पुन्हा भरून ठेवते.
शेजारची नरसम्मा विडीचा दोरा दातानं तोडत म्हणते,
सोलापुरात पाणी ओतून देतेस, पाप लागेल.
खरं आहे तिचं.
पण रिकामं पिंप रात्री वाजतं.
प्लास्टिक आहे, दिवसभर तापतं,
निवताना आवाज करतं.